दादांच्या पाठीवरून राईत

दहा वर्षांची होईपर्यंत मी आईच्या कमरेवर वाढले. माझे पाय जन्मापासून ताठ. उचललं की कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, मग आई ते सोडवून आपल्या दोन्ही बाजूंना टाकायची आणि विहिरीवर, खळ्यात, शेजारीपाजारी मला घेऊन निघायची. घरात मी गोणपाटावर बसून हातांनी रेटत सरकायची. ओसरीपासून चुलीपर्यंत सारवणावर माझी एक वाट पडलेली असायची. आई ती शेणानं बुजवायची आणि मी पुन्हा पाडायची. आमचं घर आंदर मावळात, अगदी आत, डोंगराला टेकलेलं. एसटी खालच्या फाट्यापर्यंतच यायची, पुढं सगळी पायपीट. गोठा घरातच, कारवीच्या लिंपलेल्या कुडापलीकडं, त्यामुळं म्हशीचं रवंथ करणं आणि तिच्या गळ्यातल्या घंटेचं मध्येच एकदा वाजणं हे आमच्या बोलण्यात मिसळलेलंच असायचं. पावसाळ्यात कौलांवर असा पाऊस पडायचा की घरातली माणसं एकमेकांशी ओरडून बोलायची, आणि पाऊस एकदम थांबला की आपलाच आवाज मोठा वाटून जो तो ओशाळायचा.

त्या दिवसांत आई खेकड्यांचा रस्सा करायची. दादा, म्हणजे माझे वडील, ओढ्यातून खेकडे धरून आणायचे, आई त्यांच्या नांग्या पाट्यावर वाटून, गाळून रश्शात घालायची. सोबत तांदळाची भाकरी आणि कारळ्याची चटणी. माझ्या ताटात खेकड्याचा पेंदा फोडूनच यायचा. कुणी पाहुणा आला, की मात्र माझं ताट कणगीमागं जायचं आणि ताटाबरोबर मीही. कणगी म्हणजे भात साठवायची मोठी टोपली, माणसाच्या उंचीची. तिच्यामागं बसून मी पाहुण्यांचं बोलणं ऐकत जेवायची. "पोरंबाळं?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "येक मुलगा हाय, थोरला." तो मामाकडं शिकायला असायचा. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं कणगीमागं कुणीतरी असतं.

मग एका पावसाळ्यात आई गवताचा भारा घेऊन बांधावरून घसरली आणि तिच्या कमरेनं कायमचा दगा दिला. त्याच सुमारास कुलथे बाई आमच्या गावात आल्या. बाई लोणावळ्याला तुंगार्लीत राहायच्या. माझ्यासारख्या मुलांच्या शाळेत त्यांनी शहरात पुष्कळ वर्षं शिकवलं होतं. त्या शाळेला जाळीच्या खिडक्या होत्या आणि मुलांना कधी झाडही लावू दिलं नाही, एवढंच त्या तिच्याबद्दल सांगत. आता त्यांना दर शनिवारी रानात शाळा भरवायची होती. लोणावळ्याहून जीपमधून त्या काही मुलं आणणार होत्या. त्यांतल्या आसिफला दिसत नव्हतं आणि दोघी बहिणींना ऐकू येत नव्हतं. त्यांच्याबरोबर आमच्या गावच्या शाळेतली धडधाकट पोरं, सगळी एकत्र. गावच्या गुरुजींनी त्यांना आमचं घर दाखवलं.

बाई ओसरीवर बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "मुलगी कुठं आहे?"

दादा म्हणाले, "ती काय येनार? तिला चालता न्हाई येत."

"चालायला नाही न्यायचं. रानात बसायचं आहे."

"पन तितवर न्यायचं कोनी?"

बाईंनी दादांकडं नुसतं पाहिलं. दादांनी मान खाली घातली. मी हे कणगीमागून डोकावून पाहत होते.

असे दादा मला पाठुंगळी घेऊ लागले. लहानपणानंतर त्यांनी मला उचललेलं मला आठवत नव्हतं. दर शनिवारी सकाळी ते ओसरीच्या पायरीवर पाठ करून बसायचे, आई मला त्यांच्या पाठीवर चढवायची, आणि आम्ही निघायचो. शाळा भरायची त्या राईकडं जायची सरळ वाट गावातून, मारुतीच्या देवळापुढून होती. दादा तिकडून कधी गेले नाहीत. ते मागच्या बाजूनं, भातखाचरांच्या बांधांवरून, लांबच्या वाटेनं जायचे. समोरून कुणी आलं की त्यांची मान ताठ व्हायची, कान लाल व्हायचे आणि पावलं भराभर पडू लागायची. मला त्यांचं तोंड दिसायचं नाही, पण छाती त्यांच्या पाठीला लागलेली असल्यामुळं त्यांची लाज मला थेट कळायची. आधी मला फक्त त्यांची लाज कळली. मग हळूहळू तीच माझी झाली. मी जड आहे, मी मोठी होत चालले आहे, माझे पाय त्यांच्या कमरेशी लोंबतात आणि लोक ते बघतात, हे मला त्या बांधांवर पहिल्यांदा कळलं. मी अंग आखडून घ्यायची, म्हणजे वजन कमी होईल. दादा म्हणायचे, "सैल बस. ताठलीस तर मला जास्त जड व्हतं."

राई म्हणजे वाघजाई देवीचं रान. तिथलं झाड कुणी तोडत नाही, वाळली काटकीही घरी नेत नाही. आत शिरलं की भर दुपारी सावली आणि गारवा. आंबे, हिरडे, जांभळी, आणि त्यांच्यावरून लोंबणारा गारंबीचा वेल, माणसाच्या मांडीएवढा जाड. आम्ही त्याच्यावर झोके घ्यायचो. मीसुद्धा. रंजू मागून मला धरायची. रंजू वरच्या ठाकरवाडीतली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. गुरं सोडून ती शाळेत यायची आणि मग पुन्हा गुरांकडं जायची. बाई आम्हाला फार काही शिकवायच्या नाहीत. झाडांच्या साली डोळे मिटून चाचपायला लावायच्या, आणि त्यात आसिफ सगळ्यांना हरवायचा. पालापाचोळा उपसून खालचा ओला थर हातात घ्यायला लावायच्या. पाठीवर निजवून एकेक आवाज मोजायला लावायच्या, आणि त्या दोघी बहिणी, ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्या पानांची हालचाल मोजायच्या. मी तोवर झाड खालूनच पाहिलेलं. तिथं सगळेच खालून पाहत होते.

बाईंचंही कधी चुकायचं. एका शनिवारी त्यांनी सगळ्यांना माझ्यासारखं बसून, हातांनी सरकत ओढ्यापर्यंत जायला सांगितलं. पोरं खिदळत सरकू लागली, एकमेकांना ढकलू लागली, एकानं पाय कात्रीसारखे करून दाखवले. बाईंना वाटलं होतं, आज सगळे एकसारखे झाले. मला वाटलं, एवढ्या सगळ्यांनी मिळून माझी नक्कल केली. मी हसत राहिले. आता मी स्वतः कामशेतला अशा मुलांना शिकवते, आणि नवीन शिक्षिका असा काही खेळ सुचवतात तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते, की आधी त्या मुलाला विचारा.

वर्ग सुरू असताना दादा देवीच्या देवळीपाशी धोंडूआबांजवळ बसून राहायचे. धोंडूआबा देवीचे पुजारी, म्हातारे, अंगावर कायम एकच घोंगडी. राईत शाळा भरवायला त्यांनीच हो म्हटलं होतं. "पोरं हायेत, देवीची लेकरं. फक्त विटाळ नको," एवढंच ते म्हणाले होते.

शाळेचं दुसरं वर्ष. पाऊस सरत आलेला, नवरात्र तोंडावर. त्या शनिवारी सकाळपासून माझं पोट दुखत होतं. मला वाटलं, आदल्या दिवशीचा रस्सा बाधला. दादांच्या पाठीवर बसताना ओलसर वाटत होतं, पण बांधांवरचं गवत ओलं, माझा परकर भिजलेला, त्यामुळं लक्ष गेलं नाही. राईत पोचल्यावर दादांनी मला देवळीजवळच्या मोठ्या मुळावर उतरवलं आणि वळले. रंजू माझ्याशेजारी होती. तिचा हात एकदम माझ्या दंडावर आला.

"सुरे," ती कानात म्हणाली, "तुला कावळा शिवलाय."

मी दादांच्या पाठीकडं पाहिलं. पांढऱ्या सदऱ्यावर, कमरेच्या वर, तळव्याएवढा लाल डाग. दादांना तो दिसत नव्हता. ते धोंडूआबांकडं चालले होते आणि सगळी पोरं, गावची आणि लोणावळ्याची, इकडं पाहत होती. मला हाक मारता आली नाही. काय म्हणून मारणार होते?

त्यांच्याजवळ बसायला दादा वळले, तशी त्यांची पाठ आबांना दिसली. "मारुती," धोंडूआबा म्हणाले, "पाठीला रगात कशाचं रं?"

दादांनी हात मागं नेला, डागावरून फिरवला आणि बोटांकडं पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. इतक्या शनिवारांत त्यांनी माझ्याकडं असं सरळ पाहिल्याचं मला आठवत नाही. मी परकर गुडघ्यांवर ओढायला लागले, आणि माझे पाय, नको तेव्हा करतात तसे, एकमेकांवर चढून ताठ झाले.

"जळू," दादा म्हणाले. "वढ्यात चिकटली वाटतं."

"लय रगात हाय."

"काढली म्या. काढली की वाहतं."

धोंडूआबा त्यांच्याकडं पाहत राहिले. त्यांच्यामागं शेंदूर लावलेली देवी. दादा तिला पाठ करून उभे होते. मग ते चटकन माझ्याकडं आले, पाठ करून बसले आणि बाईंना म्हणाले, "पोरीला ताप वाटतोय. घरी न्हेतो." रंजूनं मला चढवलं. चढवताना तिनं माझा परकर मागून नीट दाबून धरला, आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत ती आमच्या आणि इतर पोरांच्या मध्ये उभी राहिली.

ओढ्यापाशी दादांनी मला एका खडकावर ठेवलं. डोक्याचा टॉवेल काढून माझ्याजवळ टाकला आणि पाठ करून पाण्यात उतरले. सदरा काढून दगडावर घासू लागले. पुष्कळ वेळ घासत होते. मी तो टॉवेल कसा घ्यायचा, कुठं घ्यायचा, हे न कळून तसाच मांडीवर धरून बसले. मी रडले नाही, रडायचीसुद्धा लाज वाटत होती. शेवटी दादा तसेच पाठमोरे म्हणाले, "आईला सांग. मला काय सांगू नको." त्या दिवशी ते बांधांवरून गेले नाहीत. उघड्या अंगानं, ओला सदरा गळ्यात टाकून, मला पाठीवर घेऊन सरळ गावातून, मारुतीच्या देवळापुढून गेले. बायका दारांत आल्या. दादांची मान ताठ नव्हती, वाकलेली होती.

आमच्यात तेव्हा बायका चार दिवस बाजूला बसायच्या. कुणाला शिवायचं नाही, चुलीकडं जायचं नाही. पण ज्या मुलीला उचलल्याशिवाय हलता येत नाही, तिनं बाजूला कसं बसायचं? आईनं मला गोठ्याच्या कुडालगत गोणपाट टाकून दिलं. मला धुवायला, बदलायला, उठवायला ती यायची आणि प्रत्येक वेळी पुन्हा अंघोळ करून चुलीकडं जायची. दुखऱ्या कमरेनं, गार पाण्यानं. तिच्या तांब्याचा आवाज मी कुडापलीकडून ऐकायची आणि पाणीच प्यायची नाही, म्हणजे तिला कमी वेळा यावं लागेल. आई रागावली नाही. एकदाच म्हणाली, "रंजीला सांग, त्वांड उघडू नको म्हनावं. कळलं तर राईतली शाळा जाईल, आन् तुज्या बापाला गाव तोंड दाखवू द्यायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी आत्या आली. ती आईशी हळू बोलत होती, पण कूड पातळ होता. "दर महिन्याला हे कोन काढनार? तू हाईस तवर हाईस. तळेगावला येक डाक्टर हाय, पिशवीच काढून टाकतो. अशा पोरींची काढत्यात. तिला काय लगीन करायचंय, का लेकरं व्हायची हायेत?" म्हैस रवंथ करत होती. दादा दारात जेवायला बसले होते. त्यांनी ऐकलं असणारच, कारण त्यांचं बोटं चाटणं थांबलं. ते ताट तसंच ठेवून उठून गेले. मला पिशवी म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की माझ्यातलं काहीतरी काढून टाकलं तर सगळ्यांना सोपं होईल. आणि लिहायला आजही जड जातं, पण मला वाटलं, टाकावं काढून.

पुढच्या शनिवारी मी गेले नाही, तेव्हा वर्ग संपवून बाईच घरी आल्या. ताप उतरला का, म्हणून विचारू लागल्या. आईनं थोडा वेळ ताप, ताप केलं, मग तिला रडू फुटलं आणि तिनं डॉक्टरापर्यंतचं सगळं सांगून टाकलं. बाई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"हात आहेत ना हिला?" त्या आईला म्हणाल्या. "घरभर हातांनी फिरते. मग हे का नाही जमणार?"

दादांना बाहेर जायला सांगून त्यांनी मला दाखवलं. भिंतीला कसं टेकायचं, एका कुशीवर कसं वळायचं, गुडघे आवळले की थांबून श्वास कसा सोडायचा, कपडा कसा सरकवायचा. पहिल्यांदा मला जमलं नाही. मी घामाघूम झाले आणि तोंड फिरवून घेतलं. बाई म्हणाल्या, "लाज वाटू दे. लाज वाटली तरी हात चालतात." आई कोपऱ्यात उभी राहून बघत होती. त्यानंतरच्या महिन्यात मला माझं मला जमलं, वेडंवाकडं, पण जमलं. तळेगावच्या डॉक्टराचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

"आणि राईत नको आता," जाता जाता बाई म्हणाल्या. "तुमच्या देवीचं तुम्ही सांभाळा. मी शाळा वरच्या रानात नेते." आज माझ्याबरोबरच्या तरुण शिक्षिका हे ऐकून चिडतात. बाईंनी गावाशी भांडायला हवं होतं, म्हणतात. असेल. पण भांडणाच्या मध्यभागी मला बसवावं लागलं असतं, आणि ते बाईंना कळलं होतं.

वरचं रान म्हणजे कारवीनं भरलेला उतार आणि मोजकी उंबर-जांभळाची झाडं. गारंबी नाही, झोका नाही, तो गारवा नाही. पोरं कुरकुरली. "हितं काय मजा न्हाई, बाई. राईत चला की." शाळेत कारण फक्त मला, रंजूला आणि बाईंना ठाऊक होतं. एवढ्या मुलांची राई माझ्यामुळं गेली, या विचारानं मी कित्येक शनिवार मान वर केली नाही. आसिफनं एकदा विचारलं, "ती मोठी सालवाली झाडं कुठं गेली?" मी म्हणाले, "लांब आहेत."

मग बाईंनी कारवीच्या काठ्या तोडायला लावल्या आणि कूड विणायला घेतला. चार मेढी, तीन बाजूंना कूड, वर पेंढा. सगळ्यांनी विणायचं, माती तुडवायची, लिंपायचं. मला खालच्या भागाचं लिंपण मिळालं. घरातल्या सारवणाची सवय होती, माझा हात चांगला बसत होता. एक पोरगा म्हणाला, "बाई, हे काय हाय? गोठा?"

"मुलींचा आडोसा आहे. मुतायला आणि पाळीच्या वेळी."

पोरं तोंडावर हात धरून हसली. माझे मातीचे हात कुडावरच थबकले. आता बाई माझ्याकडं बघणार, असं वाटलं. बाईंनी पाहिलं नाही. "हसून झालं की ती कड नीट बांध," त्या त्याला म्हणाल्या, "वारा आला तर उडेल."

आडोसा झाला त्यानंतरच्या एका शनिवारी रंजू उशिरा आली. सरळ आडोशात गेली, बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली. मला आठवलं, राईत ती मधूनमधून यायची नाही. आम्हाला वाटायचं, गुरं असतील.

"मी बाजूला हाय आज," ती हळूच म्हणाली. "राईत आसती तर येता आलं नसतं." तिनं माझ्या डब्याकडं पाहिलं. "शिवू का?"

मी डबा तिच्याकडं सरकवला. तिनं भाकरी तोडली, चटणीला लावली आणि खाल्ली. तेवढा वेळ मला माझी लाज आठवली नाही. मग आठवली.

कारण दादांचं राहिलं होतं. नवरात्रात देवीपुढं दिवटी धरायचा मान आमच्या घराण्याचा होता. आजोबांनंतर दादा धरत. त्या वर्षी त्यांनी माझ्या चुलत्याला सांगितलं, हात दुखतोय, तू धर. त्याच हातांनी ते मला वरच्या रानात नेत होते. पुढच्या वर्षीही हात दुखला. मग कुणी विचारेनासं झालं. ते राईच्या हद्दीपर्यंत जायचे, बाहेरूनच हात जोडायचे आणि परत यायचे. मला वाटायचं, माझा विटाळ त्यांना लागला म्हणून ते आत जात नाहीत. माझी किळस त्यांच्या पाठीला चिकटून राहिली आहे, असंच मी धरून चालले. पाठुंगळी बसताना मी माझ्या आणि त्यांच्या मध्ये गोणपाटाची घडी घालायला लागले. त्यांनी कधी ती काढली नाही, कधी विचारलंही नाही.

मी शिकले, नोकरीला लागले, चाकाच्या खुर्चीत बसू लागले, आणि नवरात्रात सुट्टी घेऊन घरी आले होते तेव्हाची गोष्ट. दिवे लागायची वेळ. भात कापणीला आलेला. दादा अंगणात भारे बांधायला पेंढ्याचे बंध वळत होते, आता म्हातारे, आणि मी पेंढा ओला करून त्यांना देत होते. मारुतीच्या देवळापाशी ढोल सुरू झाला. दिवटी निघाली असणार.

"दादा, जा की," मी म्हणाले. "चुलत्यांनाबी आता चढवत न्हाई."

"मी न्हाई जायचा."

"का?"

ते बंध वळत राहिले. "तिच्यापुढं उभा राहून खोटं बोल्लोय मी. कसं जायचं?"

इतकी वर्षं मला हे कधी सुचलं नव्हतं. विटाळाचं ते काही बोललेच नाहीत. "माझ्यामुळं," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. बाप म्हणतात तसं, खोटं का होईना.

"व्हय," दादा म्हणाले. "तुज्यामुळंच. दुसऱ्या कुनासाठी बोल्लो नसतो."

त्यांनी हात पुढं केला. मी पेंढ्याची ओली जुडी त्यांच्या हातात दिली.